गाडीचा ब्लोअर: बिघाड कुठे शोधायचा आणि दुरुस्त कसा करायचा

गोव्यात गाडीच्या हीटरचा विषय काढला तर लोक हसतील. निळी आणि लाल अशा दोन बाजू असलेल्या त्या बटणाची लाल बाजू आपल्याकडे गाडी विकेपर्यंत कोरीच राहते. पण थंड मुलखात ज्याला हीटरचा ब्लोअर म्हणतात, तोच आपल्या एसीचा ब्लोअर. डॅशबोर्डच्या आत, ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरच्या कप्प्यामागे एक मोटर असते आणि तिच्यावर उभ्या पात्यांचा गोल पंखा. ती हवा ओढते आणि पुढे ढकलते. हवा आधी एसीच्या कूलिंग कॉइलमधून जाते. गरम हवी असेल तर पुढे हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून, जिथे इंजिनचं ९० अंशांच्या आसपास तापलेलं कूलंट फिरत असतं. मग काचेवर, तोंडावर की पायांकडे जायचं हे आतली झापडं ठरवतात.

म्हणजे ही एक मोटर थांबली की सगळंच थांबतं. बहुतेक गाड्यांत ब्लोअर चालू नसेल तर एसीचा कॉम्प्रेसरही सुरू होत नाही, कारण हवा फिरत नसताना कॉइल गोठून जाईल. त्यामुळे गाडीवाला गॅरेजमध्ये जाऊन सांगतो, ‘एसी गेला.’ आणि पुष्कळ ठिकाणी पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘गॅस संपलाय, भरून घ्या.’ गॅस कमी झाला तर हवा कमी थंड येते, पण हवा यायची ती येतेच. हवाच येत नसेल तर गॅसचा विचार नंतर. एवढं लक्षात ठेवलं तरी एक फुकटचा खर्च वाचतो.

पावसाळ्यात हा बिघाड नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. जुलैमध्ये चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना गाडीत चार ओली माणसं आणि बंद खिडक्या असतील तर काच आतून धुरकट व्हायला दोन मिनिटं पुरतात. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे काचेवर सोडलेली एसीची हवा. कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन गळून जाते आणि कोरडी हवा काचेवर येते. बटण थोडं लाल बाजूला सरकवलं तर तीच कोरडी हवा कोमट होऊन काच आणखी लवकर साफ करते. हीटर गोव्यातही उपयोगी पडतो, तो असा. ब्लोअर बंद असेल तर हातात फक्त पंचा राहतो, आणि एका हातानं काच पुसत घाटातली वळणं घेणं धोक्याचं आहे.

आता वीज कशी जाते ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. साध्या, हाताच्या बटणाच्या गाडीत करंट बॅटरीतून निघतो, फ्यूज आणि बहुधा एका रिलेतून (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) मोटरला जातो, मोटरमधून रेझिस्टरला, तिथून वेग बदलायच्या स्विचला आणि शेवटी बॉडीला, म्हणजे अर्थला. काही गाड्यांत स्विच आणि रेझिस्टर मोटरच्या आधी असतात. क्रम बदलला तरी तत्त्व तेच. आपल्या घरी पूर्वी सीलिंग फॅनचा जाडजूड चौकोनी रेग्युलेटर असायचा, हात लावला की गरम लागायचा, तेच काम इथे रेझिस्टर करतो. मोटरला मिळणाऱ्या व्होल्टेजचा काही भाग तो स्वतः खातो आणि त्याची उष्णता करतो. एक नंबरला रेझिस्टरच्या पूर्ण तारेतून करंट जातो, दोनला थोड्या कमी, तीनला आणखी कमी. आणि चार नंबरला, म्हणजे सर्वांत जास्त वेगाला, रेझिस्टर पूर्ण वगळला जातो आणि मोटरला थेट वीज मिळते.

यातूनच सगळ्यात प्रसिद्ध लक्षण येतं. एक, दोन, तीनला काहीच नाही आणि चारला वारा धो-धो, तर रेझिस्टर गेला असं नव्वद टक्के धरून चाला. उरलेल्या दहात स्विच आणि तारा. उलट, तीनही वेग चालतात आणि चारच चालत नाही, तर रेझिस्टरला दोष देऊ नका. चारचा स्वतंत्र रस्ता, म्हणजे स्विचचा तो बिंदू, त्याची तार, आणि काही गाड्यांत फक्त चारसाठी असलेला रिले, तपासा.

रेझिस्टरचा आकडा मांडून पाहिला तर पुढच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. एक नंबरवर समजा ४ अँपिअर करंट जातोय आणि रेझिस्टरवर ९ व्होल्ट पडताहेत. म्हणजे ३६ वॅटची उष्णता तळहातापेक्षा लहान तुकड्यात. ती जायची कुठे? म्हणून कंपन्या रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यात बसवतात. वारा आहे तोवर तो जगतो. वारा कमी झाला की तापतो, आणि त्यातला थर्मल फ्यूज वितळून तुटतो. ही त्याची आत्महत्या नव्हे, ते त्याचं कामच आहे. डॅशबोर्डमागे आग लागू नये म्हणून तो स्वतः जातो.

याच ठिकाणी एक जुगाड चालतो, तो करू देऊ नका. तुटलेल्या थर्मल फ्यूजच्या जागी साधी तार डकवून देतात. ब्लोअर लगेच चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पुढच्या वेळी वारा अडला की तुटायला काहीच उरलेलं नसतं. २० अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून ३०चा घालणं हाही त्याच जातीचा प्रकार. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की रेझिस्टर बदलणं हे अर्धं काम. तो का मेला हे शोधलं नाही तर नवा रेझिस्टर पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेलच असं नाही. मारेकरी बहुधा दोन. एक, अडलेला वारा. दुसरा, जड झालेली मोटर.

त्यात एक गंमत आहे, ती पुष्कळ मेकॅनिकांनाही उलटी वाटते. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, तुंबला की मोटरवर लोड वाढतो, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात या प्रकारच्या पंख्यात हवेची वाट अडली की पंखा कमी हवा ढकलतो, त्याला कमी कष्ट पडतात आणि करंट थोडा उतरतो. मोटर उलट जरा जोरात फिरते, आवाज चढा होतो. मग नुकसान कुठे? गार करणारा वारा जातो तिथे. रेझिस्टर तापतो, मोटरही तापते. याउलट बुश (मोटरचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्यांत फिरतो त्या कड्या) सुकले, पात्यात कचरा अडकला किंवा शाफ्ट जड झाला, तर मोटर हळू फिरते आणि खरोखर जास्त करंट ओढते. तेव्हा रेझिस्टर, कपलर (तारा जोडायचा प्लग), स्विच सगळ्यांवरच ताण येतो. दोन्ही बिघाडांत वारा कमीच येतो, पण आवाज वेगळा असतो. म्हणून काही उघडण्याआधी गाडी शांत जागेत उभी करून, रेडिओ बंद ठेवून, चारही वेग एकेक करून ऐका.

आवाज भरपूर आणि वारा कमी, तर मोटर ठीक आहे आणि वाट अडली आहे. आधी फिल्टर काढा. डिचोली, साखळीच्या बाजूला खाणीची लाल माती फिल्टरवर अशी थापलेली निघते की झटकून उपयोग नसतो, फेकायचाच. फिल्टर स्वच्छ असूनही वारा कमी असेल तर कॉइलच्या पापुद्र्यांत धूळ आणि बुरशीचा थर बसलेला असू शकतो. आणखी एक फसवा प्रकार: सुरुवातीला वारा छान, अर्ध्या तासानं मंदावतो, एसी बंद करून पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा छान. हे ब्लोअरचं दुखणं नाही. कॉइलवर बर्फ साचतोय. तापमानाचा सेन्सर बिघडलाय किंवा गॅस खरोखरच कमी आहे. इथे गॅसवाल्याचं म्हणणं बरोबर असू शकतं.

टकटक किंवा फरफर आवाज म्हणजे पात्यांत काहीतरी गेलंय. आपल्याकडे ते बहुधा झाडाचं. काचेखालच्या काळ्या जाळीतून बाहेरची हवा आत येते. आंब्याचं पान त्या जाळीवर अडतं, पण गुलमोहराची बारीक पानं आणि मिरामारसारख्या किनाऱ्यांवरच्या सुरूच्या काड्या सरळ आत उतरतात. ज्या गाडीत फिल्टरच बसवलेला नाही, तिथे त्या थेट पंख्यात. जुन्या, स्वस्त मॉडेलांत फिल्टरची जागा असते पण फिल्टर नसतो, हे एकदा उघडून बघाच. थंडीत सकाळी पहिल्या दोन मिनिटांत चिरका आवाज येऊन नंतर थांबत असेल तर बुश कोरडे पडलेत.

आणि अजिबात आवाज नसेल तर विजेचा शोध घ्यायचा. पहिली युक्ती फार जुनी आहे: स्विच चारवर ठेवून मोटरच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलके ठोका. ठोकल्यावर चालू झाली तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे तुकडे) झिजलेत, ते आर्मेचरला, म्हणजे त्या फिरत्या भागाला, नीट टेकत नाहीत. हे निदान आहे, दुरुस्ती नव्हे. ठोकत ठोकत काही दिवस निघतात, मग ती भर रस्त्यात कायमची थांबते.

ठोकूनही नाही, तर फ्यूज. तो नुसता बघू नका, काढून मल्टीमीटरनं तपासा. केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. फ्यूज चांगला असेल तर समोरचा कप्पा खाली घ्या. पुष्कळ छोट्या गाड्यांत कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो, आणि मोटर समोर दिसते. दोन तारांचा कपलर मोटरला लागलेला असतो. इग्निशन चालू, स्विच चारवर, आणि मल्टीमीटरच्या दोन्ही टोकांनी कपलरच्या दोन पिना मागच्या बाजूनं, कपलर लागलेला असतानाच, तपासा. दोन पिनांमध्ये १२ व्होल्टच्या आसपास दिसतंय आणि मोटर फिरत नाही, तर मोटर मेलेली आहे. पुढे शोधायची गरज नाही.

दोन पिनांमध्ये शून्य आलं तर प्रत्येक पिन वेगवेगळी, बॉडीच्या उघड्या लोखंडाशी तपासा. दोन्हीकडे शून्य, तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही: रिले, इग्निशन स्विच किंवा मधली तार. दोन्ही पिनांवर १२ व्होल्ट, हे वाचून नवखा माणूस गोंधळतो, पण गोष्ट सरळ आहे. वीज आली, मोटरमधून पलीकडेही गेली, आणि पुढे अर्थकडे जायचा रस्ता तुटलाय. मग मोटरनंतरचं काय ते बघायचं: स्विच, त्याची तार, अर्थचा बोल्ट. चारवर रेझिस्टर वाटेत नसतो. कपलर काढून तपासलंत तर ही खूण मिळणार नाही, म्हणून तो लागलेला ठेवायचा.

एक सावधगिरी समुद्राजवळच्या लोकांसाठी. खाऱ्या हवेनं पिना हिरव्या पडतात. अशा पिनेवर कपलर सोडवून मोजलं तर मल्टीमीटर ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला करंट जवळजवळ लागतच नाही. मोटरनं मात्र १५ अँपिअर मागितले की सगळं व्होल्टेज त्या हिरवट थरात अडकतं. यासाठी जुना हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब दोन तारा जोडून जवळ ठेवावा. तो साडेचार अँपिअर ओढतो. पिनांना लावून लख्ख पेटला तर वायरिंगवर विश्वास ठेवा, मंद पेटला तर नका ठेवू. १५ अँपिअर जाताना पिनेच्या सांध्यात ०.१ ओहमचा जरी अडथळा असला तरी २० वॅटहून जास्त उष्णता त्या एका टोकाला तयार होते. तपकिरी पडलेले, वितळलेले कपलर असेच बनतात. कपलर वितळलेला दिसला तर फक्त रेझिस्टर बदलून तोच कपलर पुन्हा खोचू नका. तारेसकट नवा तुकडा जोडून घ्या.

मोटर काढायची वेळ आली तर आधी बॅटरीचं मायनस टोक सोडवा आणि काही मिनिटं थांबा. डावीकडच्या एअरबॅगची जागा तिथून जवळ असते. पिवळ्या वेष्टणाच्या तारा किंवा पिवळे कपलर दिसले तर त्यांना मल्टीमीटरच काय, हातही लावायचा नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत केशरी तारांबाबत तेच. तिथे ब्लोअर १२ व्होल्टवर चालत असला तरी हीटरला बहुधा शेकडो व्होल्ट लागतात. ते काम घरी करायचं नाही.

मोटर बहुधा तीन स्क्रूंवर असते आणि पंख्यासकट खाली येते. तोंड तिच्या खाली धरू नका, वर्षांचा कचरा अंगावर पडतो. उंदराच्या लेंड्या किंवा घरट्याची कापसं दिसली तर हातमोजे आणि मास्क घाला, आणि झाडण्याआधी जंतुनाशकानं ओलं करा. उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा ताप पसरतो आणि आपल्या पावसाळ्यात तो थट्टेचा विषय नाही. पंखा ब्रशनं साफ करताना एखाद्या पात्याला चिकटलेली छोटी धातूची क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नका. ती पंख्याचा तोल सांभाळायला मुद्दाम लावलेली असते.

आता पंखा हातानं फिरवा. सहज फिरून हळूहळू थांबला पाहिजे. खरखर लागली तर शाफ्टच्या बुशवर हलक्या मशीन ऑइलचे एक-दोन थेंब. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर आवाज लगेच जातो, पण तो उडून गेला की बुश पहिल्यापेक्षा कोरडे. शाफ्ट हातानं डावी-उजवीकडे डुलत असेल तर तेलानं भागणार नाही. कार्बन नवे बसवता येतात, फोंडा-म्हापशाकडे अजूनही असं काम करणारे ऑटो इलेक्ट्रिशियन सापडतात. पण आर्मेचरच्या तांब्यावर खोल चर पडले असतील तर नवे कार्बनही लवकर झिजतात. रेझिस्टर काही शेकड्यांत येतो, मोटर हजारांत, त्यामुळे मोटर वाचवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. माझं मत विचाराल तर चांगल्या शाफ्टची मोटर दुरुस्त करावी, डुलणारी टाकून द्यावी.

बाजारातली दुसऱ्या कंपनीची मोटर बसवली आणि आवाज नीट पण वारा निम्माच, असं झालं तर कपलरमधल्या दोन तारा उलट लागल्यात का ते बघा. हा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला ढकलतो, फक्त बरीच कमी. साध्या टेबलफॅनसारखी ती उलट बाजूला जात नाही, म्हणून चूक चटकन लक्षात येत नाही. काही मोटरींना सुलट-उलट खूण असते, काहींना नसते. बसवण्याआधी बॅटरीवर, मध्ये फ्यूज लावून, क्षणभर चालवून दिशा पाहून घ्यावी. मोटर घट्ट धरा, सुरू होताना ती झटका देते.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाडीत वरचं निम्मं गणित लागू होत नाही. तिथे बहुधा तारेचा रेझिस्टर नसतो, त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. ते पुष्कळदा मोटरला तुकड्या-तुकड्यांनी वीज देऊन वेग बदलतं. ते बिघडलं की ब्लोअर मनाला येईल त्या वेगानं फिरतो, किंवा चावी काढली तरी फिरतच राहतो आणि सकाळी बॅटरी बसलेली सापडते. गॅरेज उघडेपर्यंत ब्लोअरचा फ्यूज काढून ठेवायचा, एवढंच घरी करता येतं. मॉड्यूलच्या पिना तारेनं जोडून बघण्याचा प्रयोग नको. एका ठिणगीत क्लायमेट कंट्रोलचं पॅनलही जाऊ शकतं.

राहिलं पाणी. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात ब्लोअरच्या मोटरीत पाणी जाणं नवलाचं नाही. वाटा दोन. काचेखालच्या जाळीच्या दोन्ही टोकांना पाणी निघायची भोकं असतात. तिथे पानांचा चिखल बसला की पाणी साचतं आणि हवेच्या वाटेनं आत सांडतं. ते पावसात किंवा गाडी धुताना होतं. दुसरी वाट एसीच्या पाण्याची नळी. आपल्या दमट हवेत कॉइलवरून भरपूर पाणी गळतं. ती नळी तुंबली की तेच पाणी डावीकडच्या माणसाच्या पायाशी येतं, आणि जाता जाता रेझिस्टर गंजवतं. एसी चालू असताना उभ्या गाडीखाली पाण्याचे थेंब पडत नसतील आणि आत मॅट ओलं असेल, तर नळी साफ करायची.

मे महिन्यात जाळीखालची पानं हातानं काढून बादलीभर पाणी ओतून बघा, ते चाकांच्या मागून लगेच खाली यायला हवं. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर उतरण्यापूर्वी हवेचं बटण आतली हवा फिरवण्याच्या खुणेवर ठेवा. बऱ्याच गाड्यांत त्यानं बाहेरच्या हवेचं झापड बंद होतं. उंदराला तेवढ्यानं पंख्यापर्यंत सरळ वाट मिळत नाही आणि सुरूच्या काड्याही झापडावरच अडतात. गणेश चवथीला मुंबई-पुण्याहून येऊन चार-पाच दिवस अंगणात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना याची जास्त गरज. परतीच्या दिवशी पहाटे ब्लोअर लावला आणि वाऱ्याबरोबर कापसाचे तुकडे आले, तर तो लगेच बंद करा, खिडक्या उघडा आणि कप्पा खाली घ्या.